फुंकलेलं पाणी

कटोरा सापडला तो मिक्सरच्या खोक्यात. मिक्सर कधीच भंगारात गेला, खोकं मात्र माळ्यावर जपून ठेवलेलं; आईची ही खोड माझ्यातही उतरली आहे. मी शोधत होते एखादं इवलंसं भांडं. माझ्या धाकट्या भावाला, अनिलला, मी एका वेळी पन्नास मिलिलिटर पाणी देते. पेल्यात ओतलं की ते तळाशी जाऊन बसतं आणि त्याचा चेहरा उतरतो. लहान भांड्यात तेवढंच पाणी काठोकाठ दिसेल, असं मला वाटलं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मी भावाला फसवायला भांडं शोधत होते, आणि हाताला लागला जुन्या शेजारच्या चाचीचा कटोरा.

तांब्याचा, ओंजळीएवढा. आतून-बाहेरून बारीक अरबी अक्षरं कोरलेली. पार काळा पडला होता. लिंबाची फोड आणि मीठ घेऊन घासायला बसले तशी अक्षरं एकेक करून वर येऊ लागली. ओल्या तांब्याचा वास आला. त्या वासामागून वाळ्याच्या ताटीचा वास आला, पिंजलेल्या कापसाचा कोरडा वास आला, मशिदीच्या दारातल्या अत्तराचा आला. मी मोरीजवळच्या फरशीवर तशीच बसून राहिले. बावन्न वर्षांपूर्वीचा एक उन्हाळा माझ्या हातात होता आणि त्याला लिंबू लावलेलं होतं.

आतून अनिलची हाक आली, “ताई, टाइम झाला का वं?”

अजून पाऊण तास होता. मी “नाही” म्हणाले आणि नळ बारीक केला.

दोन वर्षं झाली त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लघवी होतच नाही, त्यामुळे पोटात गेलेला थेंब न् थेंब अंगात साठून राहतो. आधी पाय सुजतात, मग छाती भरते, मग श्वास. दिवसाला सहाशे मिलिलिटर, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यातच चहा आला, वरण आलं, गोळ्यांबरोबरचं पाणी आलं. आणि हे नागपूर आहे. मे महिना आहे, नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलाय. चार पावलं उन्हात गेलेला माणूस घरी येऊन उभ्या उभ्या तांब्याभर पाणी घशात ओततो, अशा गावात मी त्याला मापानं पाणी देते. माझी किडनी घ्या म्हणून मी डॉक्टरांपुढे हात जोडले होते. माझी शुगर बघून त्यांनी कागद परत केला. त्याचं लग्न झालं नाही, माझं राहून गेलं. एकमेकांना धरून आम्ही दोघं रिंग रोडपलीकडच्या या फ्लॅटमध्ये राहतो. दोन वर्षांत मी त्याच्यासमोर पाणी प्यायले नव्हते. स्वयंपाकघराचं दार लोटून, भांडं वाजू नये म्हणून बाटलीनं, चोरासारखी प्यायची.

मागच्या आठवड्यात त्यानं कूलर बंद करायला लावला. म्हणाला, “पानी गळून राहिलं वं दिवसभर. मले तोच आवाज येते. बंद कर.” पंचेचाळीस डिग्रीत कूलर बंद. पंख्याखाली दोघंही भाजत बसलो. मला चीड आली होती, त्याची नव्हे, कोणाची ते सांगता येत नाही.

आमच्या लहानपणी कूलर नव्हते. दाराला वाळ्याच्या ताट्या असत आणि त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझ्याकडे. गांधीबागेच्या मागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. बाबा कापडाच्या दुकानात दिवसभर ठाण उलगडायचे आणि पुन्हा घडी घालायचे. घरी आले की अंगाला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. भिंतीला भिंत लागून जुबेदाचाचीचं घर. चाचा गाद्या-रजया भरायचे. त्यांच्या अंगणात पिंजणाची तार दिवसभर वाजायची आणि कापूस उडून आमच्या तुळशीवर बसायचा. आई कुरकुरत तुळस झटकायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाचीकडे विरजण मागायला मला पाठवायची.

चाची माहेरची उमरेडची. त्यामुळे तिची मराठी आमचीच, फक्त मधेमधे हिंदीची फोडणी. दुपार उतरली की गल्लीतल्या मुली तिच्याकडे कुराणाचा सिपारा शिकायला यायच्या. डोक्यावर ओढण्या, मांडीवर पाटी, आणि पुढंमागं डोलणं. मी उंबऱ्यावर बसून डोलायची. मला काही येत नव्हतं, पण डोलायला छान वाटायचं. धडा संपला की चाची सगळ्यांना एकेक खारीक द्यायची, मलाही, आणि मग गोष्ट सांगायची. तिच्या गोष्टी फार लांब नसायच्या. एक मात्र मी पुन्हापुन्हा सांगायला लावायची.

“पैले काहीच नव्हतं,” चाची सुरू करायची. “ना जमीन, ना आसमान. ना नागपूर, ना उमरेड. नुसतं पानी. आन अल्लामियाँचं तख्त पान्यावर.”

तख्त म्हणजे मला चाचांची बाज वाटायची, गादी टाकलेली. गावातल्या शुक्रवारी तलावाच्या मधोमध ती बाज तरंगते आहे, काठावर कोणीच नाही, शेंगदाणेवालासुद्धा नाही, असं मी बघत बसायची.

“मंग त्यानं जे जे जितं केलं, ते पान्यातूनच केलं. चिमनी, बैल, तू, मी, तुह्या बाबाचं नाक.”

“मुंगी?”

“मुंगी पन.”

“बाबाच्या दुकानातला शेठ?”

“तो पन. त्याच्यात जरासं पानी जास्त पडलं.”

आम्ही हसून लोळायचो. पण घरी आल्यावर मी माठाजवळ जाऊन उभी राहायची. झाकणी उचलून आत बघायची. आत अंधार आणि गार हवा, आणि त्या अंधारात कुठंतरी चिमण्या, बैल आणि अजून न झालेली माणसं आहेत, असं वाटायचं. आई ओरडायची, “झाकन लाव वं, माशी पडन.” मी हळूच लावायची, आतल्यांना धक्का लागू नये म्हणून.

पाणी कसं प्यायचं यावर चाचीचा फार कटाक्ष. तिच्या घरी कोणी उभ्यानं पाणी प्यायलं की ती पाठीत धपाटा घालायची. “उंट हायेस का? बैठ. तीन दमात पी.” म्हणजे बसायचं, थोडं प्यायचं, भांडं तोंडापासून दूर करून श्वास घ्यायचा, पुन्हा प्यायचं, असं तीनदा. ती बोटं धरून मोजायची, एक, दोन, तीन. आमच्या घरी मी घटाघटा प्यायची. तिच्या घरी मात्र राणीसारखी बसून तीन दमात, आणि अनिल माझ्याशेजारी. तो चारेक वर्षांचा. त्याला दम मोजणं भारी आवडायचं. त्याला येणारे आकडेही तेवढेच होते.

हे सगळं आठवलं की आधी हसू येतं, आणि मग मला चाचीशी भांडावंसं वाटतं. जे जितं आहे ते पाण्यातून केलं ना? मग माझ्या भावाच्या अंगात तेच पाणी साठून त्याचा जीव का घेतंय? तिला विचारायला ती नाही. देवघरात विचारून झालं, तिथून कोणी बोललं नाही.

मागच्या महिन्यात तो आंघोळीला गेला आणि बराच वेळ झाला तरी पाण्याचा आवाज येईना. दार ढकललं. तो स्टुलावर बसला होता, प्लास्टिकचा मग तोंडाला लावलेला, आणि बादलीतलं पाणी पीत होता. डोळे मिटलेले. किती मग झाले होते देव जाणे. मी त्याच्या हातातला मग हिसकावला आणि एखाद्या पोराला बोलतात तसं त्याला बोलले, नको नको ते बोलले. छप्पन्न वर्षांचा माणूस ओल्या टॉवेलात मान खाली घालून ऐकत होता. संध्याकाळी त्याला श्वास घेता येईना. खोकल्याबरोबर फेस आला. ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन, तातडीचं डायलिसिस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की हृदय थकलंय, पुन्हा असं झालं तर इथवर आणायलाही वेळ मिळणार नाही. तेव्हापासून तो आंघोळीला गेला की मी दार अर्धं उघडं ठेवून बाहेर खुर्ची टाकून बसते. तो आतून म्हणतो, “बसली का पहारेकरीण?” मी म्हणते, “बसली.” आम्ही दोघंही त्यावर हसतो आणि मला नंतर रडू येतं.

नर्सनं सांगितलं की फार तहान लागली तर ओल्या कापसानं ओठ पुसा. साधा उपाय आहे, पण माझ्या हातून तो होत नाही. कारण तो कापूस मी आधी बघितलाय.

चाची गेली तेव्हा आम्ही गल्ली सोडून बरीच वर्षं झाली होती. निरोप आला तशी मी धावत गेले. खोलीत लोबान जळत होता. चाचांनी आयुष्यभर पिंजला तसलाच पांढरा कापूस सुनेच्या बोटांत होता. हजहून कोणी आणलेलं झमझमचं पाणी चाचीनं पेटीत कधीपासून राखून ठेवलं होतं. सून त्यात कापूस बुडवून तिच्या ओठांवर थेंब सोडत होती. थेंब आत जात होते की बाजूनं ओघळत होते, कळत नव्हतं. मग बायकांनी आम्हाला बाहेर बसवलं. पडद्यामागून पाण्याचा आवाज येत राहिला, तांब्यातांब्यानं, न घाई करता. तिला शेवटची आंघोळ घालत होते. मी अंगणात बसून तो आवाज ऐकला. आता अनिलच्या ओठांजवळ ओला कापूस नेला की मी तो परत वाटीत टाकते.

आणि आता त्या कटोऱ्याची गोष्ट, जी मी चाचीशिवाय कोणाला सांगितली नव्हती.

तो उन्हाळा असाच होता. अनिलला ओकारी-जुलाब लागले होते. तीन दिवस पोटात काही टिकेना. डॉक्टर आईला म्हणाले, पाणी पाजा, चमच्या-चमच्यानं पाजत राहा, पाण्यावरच पोरगं वाचेल. पण पाजलेलं सगळं बाहेर यायचं. त्याचे डोळे खोल गेले, गाल बसले, तो रडायचा पण डोळ्यांतून पाणी यायचं नाही. आई त्याच्यापासून हलत नव्हती. घरातला माठ दोन दिवस कोणी भरला नव्हता. मी दहा वर्षांची होते आणि घरात आहे हे कोणाच्या लक्षातही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “जाय वं, चाचीकडून कटोरा आन. मशिदीतून पानी फुंकून आन.”

हे आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. दिवस मावळला, नमाज सुटली की मशिदीच्या दाराशी बाया उभ्या राहायच्या. कोणाच्या कडेवर किरकिरं पोर, कोणाच्या हातात पाण्याचं भांडं. साड्यावाल्या, बुरख्यावाल्या, सगळ्या एका रांगेत. बाहेर पडणारा प्रत्येक नमाजी तोंडातल्या तोंडात काही म्हणत पोरावर, पाण्यावर फुंकर घालायचा आणि चपला शोधायला जायचा. ते पाणी घरी नेऊन आजाऱ्याला पाजायचं. उरलं तर मोरीत ओतायचं नाही, कोणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही. कोणीतरी पिऊन टाकायचं.

मी चाचीकडून कटोरा घेतला. तिनं आपल्या माठातलं पाणी त्यात भरून दिलं. मशिदीच्या दाराशी मी दोन्ही हातांत तो धरून उभी राहिले. आत हौदावर हातपाय धुऊन वजू करणाऱ्यांच्या पाण्याचा आवाज येत होता. मग माणसं बाहेर आली. एक वाकला, फुंकर. दुसरा, फुंकर. दाढ्या, पानाचा वास, अत्तराचा वास, आणि पाण्यावर उठणारी बारीक लहर. सगळे कटोऱ्यावर वाकत होते. माझ्यावर कोणी वाकलं नाही.

परत येताना गल्ली तव्यासारखी तापलेली होती. झळा पायांना लागत होत्या. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते, कोणी विचारलं नव्हतं, माठ कोरडा होता. कटोऱ्यातलं पाणी हलत होतं. मी एक घोट घेतला. मग थांबता आलं नाही. भिंतीला टेकून, उभ्यानं, एका दमात मी ते सगळं प्यायले. नुसती तहान होती म्हणून नव्हे. मलाही कोणीतरी फुंकर घालावी असं वाटत होतं, म्हणून.

कटोरा रिकामा झाला आणि मग मला कळलं मी काय केलं ते. कोपऱ्यावर सरकारी बोरिंग होतं, हातानं हापसायचं. नळाला कन्हान नदीचं गोड पाणी यायचं, पण नळ सकाळीच जायचा. बोरिंगचं पाणी खारट. त्यानं आम्ही फक्त भांडी घासायचो. मी दांडा हापसला. पहिलं गढूळ जाऊ दिलं, मग कटोरा भरला. घरी नेऊन आईच्या हातात दिला.

आईनं चमच्यानं अनिलच्या तोंडात घातलं. त्यानं तोंड वाकडं केलं. “खारं हाय,” तो म्हणाला. तीन दिवसांत तो पहिल्यांदा काहीतरी बोलला होता.

आई म्हणाली, “दुवाचं पानी असंच राहते, राजा. पी.”

ते पाणी टिकलं. पहाटेपर्यंत त्यानं अख्खा कटोरा संपवला. सकाळी त्याला लघवी झाली आणि आई अंगणात येऊन रडली, चाची रडली, चाचांनी पिंजण थांबवलं. त्यानंतर कित्येक वर्षं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, फुंकलेल्या पाण्यानं माझं लेकरू वाचलं. मी तिथून उठून जायची.

पंधराएक दिवस मी जेवले नाही धड. शेवटी चाचीनंच मला धरलं. कापसाच्या ढिगाऱ्यामागं नेऊन म्हणाली, “काहून सुकून राहिली वं तू? काय केलं?” मी सगळं सांगितलं. वाटलं, आता ती मला सिपाऱ्याच्या वेळी उंबऱ्यावरही बसू देणार नाही. मग तिचं पोट हलायला लागलं. ती हसत होती.

“पगली,” ती म्हणाली, “बोरिंगचं पानी काय तुह्या बाबानं बनवलं? पयल्या दिवशीचंच पानी हाय ते. ज्याच्यातून त्यानं सगळ्याले जितं केलं, तेच. वरून आलं का खालून आलं, गोड का खारं, त्याले काय फरक पडते?” मग तिनं माझं डोकं जवळ घेतलं आणि टाळूवर एक लांब फुंकर घातली. “घे. तुही राहून गेली होती.”

आम्ही गल्ली सोडली त्या दिवशी तिनं हा कटोरा आईच्या पदरात टाकला. आणि आम्ही तो मिक्सरच्या खोक्यात ठेवला.

परवा मी घासलेला कटोरा ओट्यावर पालथा घातला होता. अनिल भिंतीला धरत पाणी मागायला आला आणि त्याला तो दिसला. बराच वेळ त्यानं तो हातात फिरवला. मग खुर्चीवर बसून म्हणाला, “ताई, मी उद्याच्या डायलिसिसले नाई येत.”

“काहून?”

“झालं आता. दोन वर्षं झाली. मले पानी पिऊन मरू दे वं.”

मी ओरडले. मग विनवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कटोरा माझ्यापुढं सरकवला. “एक काम कर. याच्यात मशिदीतून पानी फुंकून आन. भरून. तेवढं मले एकदा पिऊ दे, चमच्यानं नाई, तोंड लावून. मंग तू म्हनशीन तिकडे येतो.”

त्या दिवसाचे त्याचे सहाशे संपले होते. वर हा कटोरा. घोटाघोटाला मला ते फेसाचं तोंड दिसत होतं. पण तो डायलिसिसला आलाच नाही तर दोन दिवसांत तसंही तेच होणार होतं. मी साडी बदलली, बाटलीत पाणी घेतलं, कटोरा पिशवीत टाकला आणि ऑटो केला.

गल्ली ओळखू आली नाही. आमच्या घराच्या जागी साड्यांचं गोदाम. चाचीच्या अंगणात मोबाइलची दुकानं. रस्त्यावर सिमेंटचे गट्टू बसवलेत आणि बोरिंगच्या जागी एक कापलेला पाइप, त्यात कोणीतरी कागद कोंबलेले. मशीद मात्र तिथंच, रंग नवा. दाराशी चारच बाया होत्या. मी पाणी कटोऱ्यात ओतलं आणि रांगेत उभी राहिले. लाज वाटत होती. या वयात, एवढं शिकून, काय करते आहेस, असं मीच मला विचारत होते. पण हात घट्ट होते.

माणसं बाहेर पडली. बरीचशी जीन्स घातलेली पोरं, हातात फोन. तरी प्रत्येक जण थांबला. फुंकर. फुंकर. एका म्हाताऱ्यानं कटोऱ्याकडे बघून विचारलं, “बीमार कौन है, आपा?”

“भाई.”

“नाम?”

“अनिल,” मी म्हणाले.

तो डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत राहिला. त्यात मला अनिलचं नाव ऐकू आलं. मग त्यानं फुंकर घातली आणि चपला शोधायला गेला.

ऑटोत मी कटोऱ्यावर तळहात धरून बसले होते. ऑटोवाला गतिरोधक आला की आधीच सांगायचा, “ताई, सांभाळा.” माझा घसा सुकून लाकूड झाला होता. बाटली रिकामी होती. पाणी माझ्या तळहाताला लागत होतं, पण या वेळी मी थेंबही घेतला नाही. वाटेत माझं ठरलं, त्याला हवं तेवढं पिऊ द्यायचं. हात धरायचा नाही. मग जे व्हायचं ते होवो. असं ठरवल्यावर मला भयंकर भीती वाटली.

तो पलंगावर बसून होता. कूलर बंद, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. मी कटोरा त्याच्या हातात दिला आणि खाली फरशीवर बसले, त्याच्या पायाशी. बोट लावलं की खळगा पडतो असे ते पाय. त्यानं कटोरा उचलला. मी बघत होते. एक घोट घेतला. पाणी तोंडात फिरवलं, गिळलं. श्वास घेतला. दुसरा घोट, छोटासा. मग कटोरा मांडीवर ठेवला.

“आज गोड हाय,” तो म्हणाला.

मला कळलं नाही.

“मांगच्या खेपेस खारं होतं. बोरिंगचं.”

“तुले माहीत होतं?”

“लहानपनी नाई समजलं. मोठा झालो तवा समजलं. आपल्या गल्लीत बोरिंगचं पानी कोनाले ओळखू येत नव्हतं वं? पन मले वाटे, ताईनं असं काहून केलं असन? लय वर्षं वाटे. विचारलं नाई.” तो थांबला, त्याला दम लागला होता. “आता नाई वाटत. तहान लागली असन तुले. आता समजते मले, तहान काय राहते ते.”

त्याच्या सुजल्या पायांवर डोकं टेकून रडले. त्यानं कटोरा माझ्यापुढं धरला.

“घे. हे फेकता येत नाई.”

“तू पी गा. तुह्यासाठीच आनलं. मी नाई अडवत.”

“मले मालूम हाय, तू नाई अडवत. म्हनूनच नाई पित.” त्यानं कटोरा माझ्या हातात दिला. “उद्याची डायलिसिसची गाडी सातले येते ना? मंग घे. माह्यासमोर पी. दोन वर्षं झाली, दार लोटून पिऊन राहिली तू. मले काय आवाज येत नाई का?”

मी कटोरा तोंडाशी नेला. पाणी कोमट झालं होतं, तांब्याचा वास येत होता.

“एक,” तो म्हणाला.

मी प्यायले. थांबले. श्वास घेतला. तो माझ्या गळ्याकडे बघत होता. माझ्या प्रत्येक घोटाबरोबर त्याचाही गळा हलत होता, कोरडाच.

“दोन.”

तिसऱ्या वेळी त्यानं आकडा म्हणायला फार वेळ लावला. मी कटोरा ओठांशी धरून वाट बघत राहिले.

“तीन.”

मी कटोरा खाली ठेवला. तळाची अक्षरं ओली होती.

“गेली का वं तहान?” त्यानं विचारलं.

“गेली,” मी म्हणाले.